बंद केल्यानंतर उतू जाणारे कूलंट : पाचवी नोंद

माझ्या बोटीचे इंजिन बंद केले की त्याला थंड ठेवणारे द्रव, म्हणजे कूलंट, बाहेर उतू जाते, त्याचा शोध मी या नोंदींत घेतो आहे. मागच्या नोंदीपर्यंत माझा सगळा संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांमधल्या सीलवर, होता. तो आता मी पूर्णपणे सोडला आहे, कारण दोष सापडला तो हेडर टँकच्या, म्हणजे इंजिनावरच्या कूलंटच्या टाकीच्या, तोंडाशी, प्रेशर कॅप (ठरावीक दाबापर्यंत कूलंट आत रोखणारे झाकण) आत ज्या कडेवर टेकते त्या कडेवर. तिथवर कसा पोहोचलो ते सविस्तर लिहितो. हाच त्रास होणाऱ्या दुसऱ्या कोणाला हेड विनाकारण उघडावे लागू नये, असे मनापासून वाटते.

इंजिन चार सिलिंडरचे, बोटीच्या आत बसवलेले (इनबोर्ड) डिझेल आहे. आत कूलंटचा बंद फेरा असून त्यात साडेसहा लिटर कूलंट मावते, आणि बाहेरचे खारे पाणी फक्त हीट एक्स्चेंजरमधून जाते, जिथे ते कूलंटमध्ये न मिसळता त्याची उष्णता घेते. बोटीच्या प्रत्येक फेरीनंतर बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या खोलगट भागात) हिरवे कूलंट साचत असे, पण तापमानाचा काटा मात्र ८२ अंशांवरून हलत नसे.

टाकीतून जास्तीचे कूलंट बाहेर सोडणारी ओव्हरफ्लोची नळी आजवर बिल्जमध्ये मोकळीच सोडलेली होती. तिचे टोक मी एका पारदर्शक बाटलीत, तळाशी ओतलेल्या कूलंटमध्ये बुडेल असे बसवले आणि बाटलीवर दर ५० मिलिलिटरला खूण केली. कूलंट म्हणजे निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल; असे मिश्रण २० अंशांवरून ८५ अंशांपर्यंत तापले की सुमारे ४ टक्के फुगते, म्हणजे टाकी काठोकाठ भरलेली असेल तर माझ्या इंजिनातून पाव लिटरच्या आसपास कूलंट बाहेर येणारच. तो बिघाड नव्हे. बाटलीत मात्र ६०० मिलिलिटर जमले. पाव लिटर हिशेबात बसत होते, उरलेल्या साडेतीनशेचे उत्तर शोधायचे होते.

ते उत्तर मिळाले इंजिन बंद केल्यानंतर. फेरी चालू असताना बाटलीतली पातळी हळूहळू अडीचशेपर्यंत चढली आणि तिथेच थांबली. इंजिन बंद करून मी बाटलीशेजारी बसून राहिलो. साधारण चौथ्या मिनिटाला टाकीतून खदखद ऐकू आली आणि नळीतून कूलंट धक्क्याधक्क्याने बाहेर येऊ लागले. किल्ली फिरवली की गेजही बंद होतो, त्यामुळे हा प्रकार आजवर नजरेस पडला नव्हता. इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या (कूलंटचे तापमान राखणाऱ्या झडपेच्या) हाउसिंगवर धरला तेव्हा आकडा ८२ वरून ९६ वर गेलेला दिसला. पंप थांबला की फिरणे थांबते, पण हेडच्या लोखंडात साठलेली उष्णता कूलंटमध्ये उतरत राहते आणि एक्झॉस्ट पोर्टजवळ वाफेचे बुडबुडे धरतात. कूलंटच्या बंद फेऱ्यात दाब टिकून असेल तर ही उकळी दबून राहते. निम्म्या ग्लायकॉलचे मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या सुमारास उकळते, पण ०.९ बारच्या कॅपखाली तेच १२० अंशांच्या पलीकडे टिकते. त्यात मी वरचेवर साधे पाणी घालून मिश्रण पातळ करून ठेवले होते, म्हणजे उकळी आणखी लवकर.

इतर शक्यता लवकर निकालात निघाल्या. थंड इंजिन सुरू केल्यावर बाटलीत बुडबुडे आले नाहीत, होजही लगेच कडक झाले नाहीत, आणि ज्वलनवायू ओळखणाऱ्या निळ्या द्रवाचा रंग इंजिनावर भार देऊनही बदलला नाही, तेव्हा गॅस्केट संशयातून सुटले. एक्स्चेंजरची नळी फुटून खारे पाणी आत येत असते तर पातळी वाढली असती आणि मिठाचा अंश ओळखणाऱ्या क्लोराइडच्या पट्टीने ते दाखवले असते; तसे झाले नाही. (खारटपणा जिभेवर पाहण्याचा सल्ला कोणी दिला तर कृपया मानू नका, एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे.) एक्स्चेंजरच्या टोकाचे झाकण उघडले तेव्हा इंपेलरच्या (खारे पाणी ढकलणाऱ्या पंपातल्या पात्यांच्या चाकाच्या) पात्याचा एक जुना तुकडा तोंडाशी अडकलेला सापडला. तो काढला, पण त्याने फरक पडला नाही.

मग दाब का टिकत नव्हता? कॅप नवी घेतली होती आणि ती वेगळी तपासली असता नेमक्या दाबाला उघडत होती. हातपंप टाकीच्या तोंडाला लावून ०.९ बार दाब दिला, तर २० मिनिटे काटा हलला नाही. दोन्ही गोष्टी ठीक, आणि एकत्र बसवल्या की गळती, हे कोडे मला आठवडाभर सुटले नाही. शेवटी इंजिन पूर्ण थंड असताना कॅप काढली, आतली कडा कापडाने कोरडी केली आणि तिच्यावरून नख फिरवले. एका जागी नख अडकले. टॉर्च तिरपी धरल्यावर तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा खड्डा दिसला, ॲल्युमिनियम गंजून झालेला, वर पांढरी भुकटी. हातपंपाच्या ॲडॅप्टरचे रबर जाड आणि मऊ आहे, ते त्या खड्ड्यात दबून बसत होते. कॅपचे पातळ रबर बसत नव्हते.

कडेच्या मापाची लाकडी चकती करून तिला पॉलिश पेपर चिकटवला, टाकीच्या गळ्यात फडके कोंबले आणि आधी ४०० मग ८०० नंबरने, फिरवून फिरवून, खड्डा जेमतेम नाहीसा होईपर्यंतच घासले. इथे उतावीळपणा नको, कारण कडा जितकी खाली जाते तितकी कॅपची स्प्रिंग सैल बसते आणि दाब कमी होतो. म्हणून आधी आणि नंतर व्हर्नियरने खोली मोजली, फरक ०.२ मिलिमीटर आला, तेवढा मला मान्य आहे. सगळे कूलंट काढून निम्मे-निम्मे नवे भरले. बंद करण्याआधी पाच मिनिटे भाराशिवाय संथ चालवण्याची सवयही लावून घेतली आहे, पण दुरुस्तीची परीक्षा व्हावी म्हणून पहिल्या फेरीत ते मुद्दाम केले नाही.

त्या फेरीनंतर बाटली २३० वर थांबली. अर्धा तास शेजारी बसलो, खदखद झाली नाही. सकाळी सगळे कूलंट टाकीत परत ओढले गेले होते आणि बाटलीतली पातळी मूळ खुणेवर होती. पुढच्या दोन फेऱ्यांतही तसेच घडले. आता इंपेलर उघडून पाहायचा आहे, कारण सापडलेला तुकडा सध्याच्या पात्याचा की आधीच्या, हे अजून ठरलेले नाही.