दोमिए: तुरुंगाआधीचा आणि नंतरचा

राजकीय व्यंगचित्रांचा विषय निघाला की एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकार ओनोरे दोमिएचं नाव येतं आणि नावाच्या पाठोपाठ तीच गोष्ट येते: राजाचं चित्र काढलं आणि सहा महिन्यांची शिक्षा झाली. गोष्ट खरी आहे. पण त्याच्या चाळीसेक वर्षांच्या कामात राजावर उघड वार करायची मुभा होती ती १८३० ते १८३५ एवढीच. पुढची बहुतेक कारकीर्द पहाऱ्याखाली गेली, आणि माझ्या मते त्याचं खरं कसब तिथेच दिसतं. ते कळायला मात्र आधी त्याचा दगड कळायला हवा.

दगड म्हणजे शिळाछाप. आपल्याकडे जुन्या पोथ्या ज्यावर निघायच्या तेच तंत्र. रविवर्म्याच्या छापखान्यात देवादिकांच्या तसबिरी रंगागणिक वेगळा दगड घेऊन छापायचे, तेही हेच. दोमिएचा दगड एकच आणि शाई काळी. सगळा खेळ तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत यावर चालतो. चांगला दगड म्हणजे बव्हेरियातल्या झोल्नहोफेनचा बारीक कणांचा चुनखडक. चाळीस बाय पंचावन्न सेंटिमीटरचा, सात सेंटिमीटर जाडीचा दगड घेतला तर वजन चाळीस किलोच्या आसपास भरतं, म्हणजे एकट्याने उचलून इकडचा तिकडे करायचं काम नव्हे.

आधी दोन दगड तोंडाला तोंड लावून, मध्ये वाळू आणि पाणी घालून घासायचे. वाळू जितकी बारीक तितका दगडाच्या पृष्ठभागाचा दाणा बारीक. दाणा हवाच, कारण खडू त्याच्या टोकांवरच बसतो आणि त्यातूनच करडे रंग निघतात. खडू मेण, चरबी, साबण आणि काजळीचा. चित्र उलटं काढायचं: छापल्यावर डावं उजवीकडे जातं. सर्वात मोठा शत्रू चित्रकाराचा स्वतःचा हात. तळहात दगडाला टेकला की घामातलं तेल उतरतं, डोळ्यांना काही दिसत नाही, आणि शाई लावली की भर चित्रात करडा डाग उमटतो. म्हणून दगडावर आडवी फळी टाकून तिच्यावर हात ठेवून काढायचं.

चित्र झालं की दगड मुद्रकाकडे. तो डिंकाच्या पाण्यात नायट्रिक ॲसिडचे थोडे थेंब घालून ते चित्रावर फिरवतो. कोऱ्या जागी डिंक बसतो आणि ती जागा पाणी धरते, खडूची जागा शाई धरते. हात इथेच चुकतात. ॲसिड जास्त झालं तर फिक्या छटा जळतात, आकाश आणि गाल पांढरेफट्ट होतात. कमी पडलं तर दहा-वीस प्रतींनंतर कोऱ्या जागाही शाई धरायला लागतात आणि चित्र काळवंडतं. मग टर्पेंटाइनने खडू पुसायचा (चित्र दिसेनासं होतं, नवख्याचा जीव इथे जातो), स्पंजने दगड ओला करायचा, कातडी रुळाने शाई द्यायची, दमट कागद ठेवून दाबयंत्राखालून ओढायचा. प्रत्येक प्रतीला पुन्हा पाणी, पुन्हा शाई. मध्ये दगड सुकला की शाई नको तिथे चिकटते. खाली एखादा खडा राहिला तर दाबाखाली दगड सरळ दुभंगतो.

हे सगळं सांगायचं कारण असं की फ्रान्समधला कायदा नेमका या साखळीवर हात टाकत होता. चित्रकाराला कागद-खडू घेण्यापासून कोण अडवणार? पण मुद्रकाकडे सरकारी परवाना लागायचा, आणि तो गेला की धंदाच बुडाला. विक्रीआधी प्रत्येक चित्राच्या प्रती सरकारदरबारी जमा कराव्या लागत. थोडक्यात, पुरावा पोलिसांच्या हातात आपणच नेऊन द्यायचा.

दोमिए १८०८ साली मार्सेयमध्ये जन्मला. बाप तावदानं बसवणारा, कवितेच्या नादाने पॅरिसला गेलेला. पोरगा कोर्टाच्या बेलिफाकडे पोऱ्या म्हणून राहिला, मग एका पुस्तकविक्रेत्याकडे, मग शिळाछापाच्या कामात पडला. त्याच्या वकिलांच्या चित्रांत झग्याची नेमकी घडी आणि खोटा आवेश दिसतो, त्याचं मूळ या बेलिफाकडच्या दिवसांत असावं.

१८३०च्या जुलै क्रांतीने लुई फिलिप गादीवर आला आणि छपाईस्वातंत्र्याची आश्वासनं दिली गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात शार्ल फिलिपाँने 'ला कारिकात्यूर' हे साप्ताहिक काढलं, आणि १ डिसेंबर १८३२ला 'ल शारिवारी' हे दैनिक. वर त्याच्या नातलगांचं ओबेर हे चित्रांचं दुकान होतं, व्हेरो-दोदा या छपराच्या बाजारगल्लीत. दुकानाच्या काचेत ताजी चित्रं लागायची आणि फुकट बघणाऱ्यांची गर्दी जमायची. साप्ताहिकाची वर्गणी सामान्य कामगाराच्या आवाक्याबाहेरची होती. काच मात्र सगळ्यांची होती, आणि पोलिसांचा डोळाही तिच्यावरच.

राजाचं डोकं नासपतीसारखं दाखवायची कल्पना फिलिपाँची. नोव्हेंबर १८३१मध्ये राजाच्या बदनामीच्या खटल्यात त्याने कोर्टासमोर चार चित्रं मांडली: पहिलं लुई फिलिपचं डोकं, दुसऱ्यात गाल थोडे खाली ओघळलेले, तिसऱ्यात आणखी, चौथी सरळ नासपती. पहिलं गुन्हा असेल तर दुसरंही, मग तिसरंही, आणि मग बाजारातली फळं पण पकडा, असा त्याचा युक्तिवाद. सहा महिने आणि दोन हजार फ्रँक दंड झाला. पण फ्रेंच बोलीत नासपती म्हणजे बावळटही, त्यामुळे भिंतीभिंतीवर ती उमटली. पुढे 'शारिवारी'ला सहा हजारांचा दंड झाला तेव्हा तोच नासपतींचा कागद छापून दंड भरण्यासाठी विकायला काढला. दंडाचं भांडवल करायची ही चलाखी मला त्या चित्राइतकीच भारी वाटते.

दोमिएचं 'गार्गांत्युआ' डिसेंबर १८३१चं. गार्गांत्युआ हा राब्लेच्या कादंबरीतला खादाड राक्षस. लुई फिलिप अवाढव्य, डोकं नासपतीचं. तोंडापासून जमिनीपर्यंत एक लांब फळी, तिच्यावरून हमाल नाण्यांच्या टोपल्या घेऊन चढताहेत आणि तोंडात रिकाम्या करताहेत. उजवीकडे फाटकी माणसं टोपल्या भरताहेत, त्यात मूल पाजणारी एक बाई. राजा बसलाय ते सिंहासन नीट पाहिलं की शौचाची खुर्ची निघते, आणि तिच्याखालून पदव्या-पदकं पडताहेत ती वेचायला टोपीवाल्यांची झुंबड. चित्र ओबेरच्या दुकानात लागलं आणि जप्त झालं. फेब्रुवारी १८३२मध्ये चित्रकार, दुकानदार आणि मुद्रक देलापोर्त, तिघांनाही सहा महिने आणि पाचशे फ्रँक. दोमिएची शिक्षा आधी तहकूब ठेवली होती. त्याने हात आवरला नाही, आणि ऑगस्टअखेर त्याला उचलून साँत-पेलाजीच्या तुरुंगात टाकलं. शेवटचे काही आठवडे एका खासगी आरोग्यगृहात काढून १८३३च्या सुरुवातीला तो सुटला.

खरं सांगायचं तर 'गार्गांत्युआ' चित्र म्हणून मध्यम आहे. कल्पना जबरदस्त, पण रेष अजून शिकाऊ, आकृत्यांची दाटी. नंतर दोनच वर्षांत हा माणूस कुठे पोचला ते पाहायचं तर 'रू त्रान्सनोनँ, १५ एप्रिल १८३४' पाहावं. मधल्या काळात त्याने संसदेतल्या बड्या मंडळींचे वीतभर उंचीचे मातीचे पुतळे केले, न भाजलेले, वरून रंगवलेले. त्यातले छत्तीस आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत. डोक्याचा आकार बोटांनी दाबून पाहिल्यावर तो दगडावर उतरवायचा, ही त्याची रीत झाली.

एप्रिल १८३४च्या उठावात सैनिक त्रान्सनोनँ रस्त्यावरच्या १२ क्रमांकाच्या घरात घुसले आणि झोपेतल्या रहिवाशांना मारलं. चित्र साधारण २९ बाय ४४ सेंटिमीटरचं. मध्यभागी रात्रीची टोपी आणि सदऱ्यातला माणूस पलंगाला टेकून घसरलेला, त्याच्या अंगाखाली लहान मूल. डावीकडे अंधारात एका बाईचं प्रेत, उजव्या कडेला एका म्हाताऱ्याचं डोकं. एक खुर्ची उलथलेली. राजा नाही, सैनिक नाही, नासपती नाही, विनोद तर नाहीच. तांत्रिक करामत सदऱ्याची आहे. तो पांढरा म्हणजे जवळजवळ खडू न लागलेला दगड, आणि भोवतीचा काळोख खडूचे थर एकावर एक चढवून केलेला. अशा दगडाला शाई देणं जोखमीचं: रूळ थोडा जास्त फिरला की काळोखातली बाई बुजते, ॲसिड थोडं वाढलं की सदऱ्यावरच्या फिक्या घड्या जातात. हे चित्र दंडाचे पैसे उभारायला काढलेल्या मासिक वर्गणीच्या मालिकेतलं चोविसावं आणि शेवटचं. एक फ्रँक महिना, बदल्यात एक मोठं चित्र. पोलिसांनी हाती लागतील तितक्या प्रती उचलल्या.

जुलै १८३५मध्ये फिएस्की नावाच्या माणसाने राजावर बहुनळी बंदुकीने हल्ला केला आणि सप्टेंबरमध्ये कायदा आला. यापुढे प्रत्येक चित्राला छापण्याआधी मंजुरी हवी. लेखाला मात्र नको. सरकारची मांडणी अशी की शब्द म्हणजे मत, पण चित्र डोळ्यांशी बोलतं म्हणून ते कृती ठरतं. व्यंगचित्रकाराला याहून मोठी दाद आजवर कुणी दिलेली नाही! 'कारिकात्यूर' बंद झालं.

दोमिए 'शारिवारी'त राहिला, आणि १८३६पासून रोबेर माकेर आला. हे पात्र रंगमंचावरचं, अभिनेता फ्रेदेरिक लमेत्रने गाजवलेला एक भामटा. दोमिएच्या शंभर चित्रांत तो कधी बँकवाला, कधी वकील, कधी डॉक्टर, कधी बुडीत कंपनीचे शेअर विकणारा. कल्पना आणि खालचे संवाद फिलिपाँचे. मंत्र्याचं नाव नाही, राजाचा चेहरा नाही, त्यामुळे मंजुरी नाकारायला निमित्त नाही. पण लुई फिलिपची राजवट ज्या पैशाच्या जोरावर उभी होती तोच पैसा इथे उघडा पडतो. नासपतीने एका माणसाची टर उडवली. माकेरने अख्खा वर्ग पकडला.

१८४८ला राजा पळाला आणि पुन्हा मोकळीक मिळाली. १८५०च्या सुमारास त्याने 'रातापुआल' घडवला: चेपलेली उंच टोपी, लांब कोट, हातात सोटा, मिशा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष लुई नेपोलियन याच्या वळणाच्या. भाडोत्री प्रचारकाचा हा पुतळा डिसेंबर १८५१मध्ये लुई नेपोलियनने केलेल्या सत्तापालटानंतर लपवून ठेवावा लागला, कांस्यात ओतला गेला तो दोमिए गेल्यावर. १८६०मध्ये 'शारिवारी'ने त्याला काढलं, तीनेक वर्षांनी परत घेतलं. १८७०मध्ये सरकारने देऊ केलेला सन्मान त्याने नाकारला. १८७२नंतर दृष्टीने साथ सोडली, आणि १८७९मध्ये व्हाल्मोंद्वात तो वारला. मागे सुमारे चार हजार शिळाछापं.

त्यातलं एखादं विकत घ्यायची वेळ आलीच तर आधी कागद उलटा करा. शिळाछाप आणि शिशाच्या खिळ्यांनी जुळवलेला मजकूर एका दाबात निघत नाही. 'शारिवारी'चा कागद दोनदा यंत्राखालून जायचा, म्हणून वर्तमानपत्रातल्या प्रतीच्या पाठीवर छापील मजकूर असतो आणि तो पुढच्या बाजूला थोडा दिसतोही. पाठ कोरी, कागद जाड आणि पांढरा असेल तर ती ओबेरने वेगळी विकलेली प्रत असू शकते आणि भाव चढतो. 'कारिकात्यूर'मधली चित्रं सुट्या पानांवर असायची, तिथे कोरी पाठ हा काही विशेष नाही. १८७०च्या आसपासची चित्रं जस्ताच्या उठावदार ठशावरून छापलेली आहेत. भिंगाखाली त्यांत खडूचा दाणा तुटक, खरखरीत दिसतो, आणि करड्याऐवजी नुसतं काळं-पांढरं उरतं. मूळ दगडाची मात्र आशा धरू नका. प्रती निघाल्या की तो पुन्हा वाळू-पाण्याखाली जायचा, पुढच्या चित्रासाठी.