वारलेले सत्तर रुपये

सत्तर रुपयांत आज काय येतं? गाडीवरचे दोन वडापाव आणि दोन चहा. तेही गाडी बऱ्या वस्तीतली असेल तर वर दहाची नोट काढावी लागते. तरी सिनेमातल्या विश्वास सरपोतदार या घरमालकाचे सत्तर रुपये हे महाराष्ट्रातलं सगळ्यांत गाजलेलं बुडीत कर्ज आहे. तो सिनेमा, ‘अशी ही बनवाबनवी’, १९८८ च्या सप्टेंबरात लागला. तेव्हा ज्यांचा जन्मही झालेला नव्हता अशी पोरंसुद्धा आज उसने पैसे मागायला आलेल्या मित्राला गंभीर चेहऱ्यानं सांगतात, ‘वारले!’

मधुमेहाचं औषध, इस्राएल, एक मयत इसम आणि सत्तर रुपये, एवढ्या सामानावर तो प्रसंग उभा आहे. औषधासाठी दिलेल्या पैशांचं काय झालं, असं सरपोतदार धनंजय मानेला विचारतात; औषध आणणारा इसम वारला, आणि सत्तर रुपये? तेही वारले. रक्कम जुनी झाली, औषध आता गल्लीतल्या दुकानात मिळतं, पण विनोद जसाच्या तसा आहे. याचं कारण त्या रकमेत नाही, क्रियापदात आहे. मराठीत कुत्रं मरतं, झाड वाळतं, दिवा शांत होतो, आणि वारतो तो फक्त माणूस. त्यातही आब असलेला. चोराला कुणी ‘वारला’ म्हणत नाही. ‘आजोबा वारले’ हे आदरार्थी अनेकवचन आणि ‘रुपये वारले’ हे साधं अनेकवचन, पण रूप एकच. त्यामुळे कान क्षणभर फसतो. रुपयांना आजोबांचा मान मिळतो आणि तो व्याकरणाचा एकही नियम न मोडता मिळतो. सत्तर रुपयांऐवजी शंभराची एक नोट असती तर ‘नोट वारली’ म्हणावं लागलं असतं, आणि हशा निम्म्यावर आला असता. वर धनंजय झालेले अशोक सराफ हे वाक्य टाकतात ते दारावर आलेल्याला दुखवटा सांगावा तशा सुरात. सुधीर जोशींच्या सरपोतदारांना भांडायला जागाच उरत नाही. मयताच्या घरी कोण वसुली करणार?

हा सिनेमा काही अस्सल पुणेरी कल्पनेतून निघालेला नाही, हे अनेकांना माहीत असतं. हृषीकेश मुखर्जींचा ‘बीवी और मकान’ १९६६ चा, आणि त्याच्याही मागे बंगाली गोष्ट आहे. भाड्याची जागा फक्त जोडप्यांना मिळणार म्हणून दोघा पुरुषांनी बायका व्हायचं, हा सांगाडा तिथलाच. मात्र हा सांगाडा कोलकात्याहून मुंबईमार्गे पुण्याला येताना वाटेत एक फुकटचं घबाड हाती लागलं, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. बंगालीत क्रियापदाला लिंग नसतं. तिथल्या सोंगाड्यानं आवाज सांभाळला की झालं. मराठीत मात्र ‘मी आलो’ की ‘मी आले’, ‘मी जातो’ की ‘मी जाते’, इथं दर चार शब्दांमागे सापळा. साडी नेसलेल्या पुरुषाला चोवीस तास तोंडावर पहारा ठेवावा लागतो. घरमालकीण लीलाबाई काळभोर समोर बसलेल्या असताना साधं ‘दमलो बुवा’ म्हणायचीही सोय नाही.

पार्वती म्हणजे साडी नेसलेला लक्ष्मीकांत बेर्डे, आपला लक्ष्या, धनंजयची खोटी बायको. व्याकरण पक्कं असतं तर ती यातून सुटली असती. भविष्यकाळ तिला सोयीचा, कारण ‘मी जाईन’ला लिंग नाही. सकर्मक भूतकाळही बरा, कारण ‘मी चहा केला’ यात क्रियापद चहाच्या मागं जातं, करणाऱ्याच्या नाही. पण नियमाला अपवाद आहेत, आणि त्यातला एक असा की सिनेमावाल्यांनी मुद्दाम शोधूनही सापडला नसता. ‘नेसणे’! ‘मी साडी नेसलो’ किंवा ‘मी साडी नेसले’. कर्म असूनही हे क्रियापद कर्त्याचीच चुगली करतं. ज्या साडीनं झाकायचं, तिच्याच क्रियापदानं उघडं पाडायचं.

‘हा माझा बायको पार्वती’ हे वाक्य याच खाणीतून निघालंय. नाम बरोबर आहे, नावही बरोबर आहे, चुकलेत फक्त सुरुवातीचे दोन छोटे शब्द. धनंजयच्या बुद्धीनं ‘बायको’ म्हटलं, जिभेनं मात्र डोळ्यांना दिसलं तेच सांगितलं. हा विनोद इंग्रजी सबटायटलमध्ये जवळजवळ मेलेलाच उतरतो. परदेशातल्या मराठी मंडळांत सिनेमा लावतात तेव्हा आई-वडील हसून मोकळे होतात आणि इंग्रजी अक्षरं वाचणारी मुलं त्यांच्या तोंडाकडे पाहत राहतात, त्याचं कारण हे. ‘जाऊबाई’ आणि ‘जाऊ’ यांवरच्या कोटीचंही तेच होतं.

संवाद वसंत सबनीसांचे. ते वगनाट्यातून आलेले, ‘विच्छा माझी पुरी करा’ त्यांचंच. बतावणीची रीत त्यांच्या हातात मुरलेली होती. एकानं सरळ प्रश्न टाकायचा, दुसऱ्यानं त्यातला एक शब्द उचलून भलत्याच अर्थानं परत करायचा, आणि तिसऱ्या टप्प्याला पहिल्याला निरुत्तर करायचं. ‘बनवाबनवी’तल्या दोन बायकांकडे पाहिलं तरी मराठी रंगभूमीच्या दोन पेठा शेजारीशेजारी दिसतात. सचिनची सुधा बालगंधर्वांच्या वळणाची. पदर, मान, पापण्या, सगळं इतकं नेटकं की प्रेक्षकानं थोडं फसावं. लक्ष्याची पार्वती ही तमाशाच्या गवळणीतली मावशी. मावशी पदर घेते, पण आतला गडी कधी लपवत नाही. तिला कुणाला फसवायचंच नसतं, प्रेक्षकाशी संगनमत करायचं असतं. थोरली जाऊ तमाशातली आणि धाकटी संगीत नाटकातली! एकट्या सुधावर सिनेमा गोड झाला असता आणि एकट्या पार्वतीवर उनाड.

साडी नेसलेला पुरुष पुढं टीव्हीवर इतका आला की आता पदर दिसला तरी लोक चॅनल बदलतात. फरक कुठं पडला, ते तपासायची सोपी युक्ती आहे. मनातल्या मनात साडी काढून टाका आणि प्रसंग उरतो का ते बघा. ‘बनवाबनवी’त उरतो, कारण साडी हे तिथं निमित्त आहे, मूळ दुखणं जागेचं आहे. ते दुखणं खरं होतं. १९४७ च्या भाडे-कायद्यानं जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या आकड्यापाशी गोठवून ठेवली होती आणि भाडेकरू एकदा आत शिरला की बाहेर काढणं कर्मकठीण. मग मालक आत घेतानाच दहा अटी घालायचा. कोण राहणार, किती जण, पाहुणे किती दिवस, सडेफटिंग तर नकोतच. राज्याचा नवा कायदा १९९९ चा, तो २००० साली लागू झाला, अकरा महिन्यांचे करार सर्रास झाले, पण ‘बॅचलर नको’ ही पाटी काही उतरली नाही. पुण्यात आज खोली शोधणाऱ्या पोरांना दलाल पहिला प्रश्न तोच विचारतो. म्हणून ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ हा साधा, पोस्टमननंही विचारावा असा प्रश्न अजून हसवतो. इथे नेमकं कोण राहतं, हे मालकाला कळू नये यावरच तर सगळा संसार चाललेला असतो.

इथंच मोबाइलवरच्या तुकड्यांची गडबड होते. तीस सेकंदांत वाक्य येतं, पण वाक्याला लागणारी भीती येत नाही. असा सिनेमा उतरंडीसारखा रचलेला असतो. आधी गरज, मग एक खोटं, ते टिकवायला दुसरं, मग ज्याला पहिलंच माहीत आहे आणि ज्याला दुसरंच माहीत आहे असे दोघं एका खोलीत. प्रेक्षकाला मात्र सगळं आधीपासून ठाऊक हवं. पार्वतीच्या डोहाळजेवणाला हसू येतं ते ओटी भरण्याच्या विधीला नव्हे. एवढ्याशा खोटेपणाचं पोट कुठवर वाढलं, ते आपण पहिल्यापासून पाहत आलेलो असतो.

तीन वर्षं आधीच्या ‘धूमधडाका’त (१९८५) याच्या उलट काम आहे. लक्ष्या शरद तळवलकरांना भुताची गोष्ट ऐकवतो, तो प्रसंग. हाही उसनाच. १९६४ च्या तमिळ ‘कादलिक्क नेरमिल्लै’मध्ये नागेश आणि बालय्यांनी तो केला, १९६६ च्या ‘प्यार किये जा’मध्ये मेहमूद आणि ओमप्रकाश यांनी. तीन भाषा, एकवीस वर्षं, आणि तिन्हीकडे तो ताजा. त्याला आधीचं काहीही माहीत असावं लागत नाही. एक खुर्ची, एक सांगणारा, एक ऐकणारा. दार करकरतं ते तोंडानं, पैंजण वाजतात ते तोंडानं. हसवायचं काम मात्र सांगणाऱ्याकडे नाही, ऐकणाऱ्याकडे आहे. तळवलकर आधी वैतागतात, मग नकळत कान देतात, मग घाबरतात, आणि घाबरल्याचं लपवायला जातात. पुढच्या वेळी लक्ष्याकडे पाहूच नका, फक्त तळवलकरांकडे पाहा. गोष्ट तिथं घडते.

सगळंच असं टिकलेलं नाही, आणि आठवणींच्या भरात तेही गोड मानून घेण्यात अर्थ नाही. त्या दशकातल्या सिनेमांत तोतरा, जाडी, काळा, चकणा अशी माणसं नुसती दारातून आत आली की हशा गृहीत धरलेला असायचा. आज तिथं पडद्यावरचे हसतात आणि दिवाणखान्यात कुणीतरी पाणी प्यायला उठतं. पोरीच्या मागं गल्लीभर गाणं म्हणत फिरणारा नायकही तसाच आंबलाय. खुद्द ‘बनवाबनवी’त ‘नवऱ्यानं टाकलंय तिला’ हे वाक्य अजून हशा घेतं, पण जरा अडखळून. टाकलेल्या बायकांचा प्रश्न महाराष्ट्रातल्या चळवळींनी त्याच सुमारास हाती घेतला होता. थिएटरात हसणाऱ्यांच्या घरात तशी एखादी आत्या नसेलच असं नाही. वाक्य चतुर आहे, त्याचा भार मात्र भलतीवर पडतो. आणि सुधाच्या रूपात मनीषाच्या इतक्या जवळ वावरणारा सुधीर? तेव्हा हे कुणाला खटकलं नाही, आता खटकतं. सिनेमा बंद करावा इतकं नाही, पण खटकतं.

‘जुने सिनेमे फार संथ वाटतात’ ही तक्रार मात्र अर्धीच खरी. यातली बहुतेक नटमंडळी नाटकातून आलेली. लक्ष्मीकांत बेर्डे ‘टूरटूर’ हे नाटक गाजवून आला, सराफ, जोशी, तळवलकर तर रंगभूमीवर मुरलेले. हशा पिकला की पुढचं वाक्य अडवून धरायचं, हे त्यांच्या अंगात भिनलेलं. थिएटरात सातशे-आठशे माणसं हसत असताना ती मोकळी जागा भरून निघायची. तीच जागा रात्री अकराला इअरफोन लावून एकट्यानं पाहताना रिकामी वाटते, आणि बोट आपोआप दहा सेकंद पुढं जायच्या खुणेवर पडतं. तिथं हशा तर चुकतोच, शिवाय पुढच्या हशाची तयारीही निसटते. चार-पाच माणसं तरी जमवावीत. त्यात एक मोठ्यानं हसणारा मामा असला तर उत्तम.

प्रतही पारखून घ्यावी. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, आपल्याकडचा टीव्ही २५ नी. त्यामुळे टीव्हीसाठी किंवा व्हीसीडीसाठी उतरवलेल्या जुन्या प्रतींत दीडशे मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटांत उरकतो आणि आवाज किंचित वर चढतो. लक्ष्याचा आवाज आधीच वरच्या पट्टीतला. त्यात आणखी चढला की तो चिरचिरा लागतो आणि दोष नटाच्या माथी जातो. दुसरा घोळ चौकटीचा. जुनं चौकोनी चित्र नव्या रुंद टीव्हीवर ताणलं तर सिद्धार्थ रेही पहिलवान दिसतो. आणि ताणायचं नाही म्हणून वरून-खालून कापलं तर खालचे हात आणि पाय जातात. प्रहसनात निम्मा कारभार तिथंच असतो. पदराआडून केलेली खूण, टेबलाखालून मारलेली लाथ. ती कापली गेली की समोरचा उगाच का दचकला ते कळत नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र मूळ प्रमाणात लावावं, बाजूला काळ्या पट्ट्या आल्या तर येऊ द्याव्यात. मधल्या जाहिराती तर हमखास दाराची कडी वाजण्याच्या आधीच येतात. जाहिरात संपेपर्यंत कोण कुठं लपलंय तेच विसरायला होतं.

राहता राहिला तो ‘आलो-आले’चा सापळा. त्यालाही एक पळवाट आहे, आणि ती सबनीसांच्या नजरेतून सुटली की त्यांनी मुद्दाम झाकून ठेवली, कोण जाणे. कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका सर्रास ‘मी जातो’, ‘मी येतो’ असंच बोलतात. लीलाबाई काळभोरांचं बिऱ्हाड पुण्याऐवजी रंकाळ्याच्या काठी असतं, तर पार्वती पदर खोचून खुशाल ‘मी येतो गं’ म्हणत मंडईला गेली असती आणि शेजारणींनी मान वर करून पाहिलंही नसतं.