एसेक्समधली आपोआप उगवलेली कोथिंबीर

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटहून गाडीने केल्व्हडनला उतरलो आणि एसेक्स परगण्यातल्या कॉगेशल गावापर्यंत साधारण 4 किमी चालत गेलो. कॉगेशलला स्टेशन नाही. जुलै महिना होता, आणि मला बघायची होती कुणीही न पेरलेली कोथिंबीर.

इंग्लंडमध्ये ती रानात टिकत नाही. पक्ष्यांच्या दाण्यांतून किंवा स्वयंपाकघरातल्या कचऱ्यातून धणे मातीत पडतात, रोप एक उन्हाळा फुलतं आणि पुढे गवत ती जागा व्यापून टाकतं. तरी या भागात तिला उपरी म्हणायला माझं मन धजत नाही. दोनशे वर्षांपूर्वी इथले शेतकरी धणे, शहाजिरे आणि टीझल एकाच शेतात पेरत. धणे आधी निघत. टीझलची काटेरी बोंडं लोकरी कापडावर लव उठवायला लागत, आणि कॉगेशल तर लोकरीच्याच धंद्यावर मोठं झालेलं गाव!

एका कुंपणाच्या बुडाशी, पक्ष्यांच्या दाणापात्राखाली मोजकी रोपं सापडली. खालची पानं आपल्या जुडीतली, वरची दोऱ्यासारखी बारीक. फुलं पांढरी, किंचित गुलाबी. तुऱ्याच्या कडेच्या फुलांच्या बाहेरच्या पाकळ्या मोठ्या. हिरवे धणे अगदी गोल, अंगावर पुसट रेघा. बोट लागताच तो उग्र, ओला वास आला. फार आनंद झाला.

जाणार असाल तर जूनअखेर ते ऑगस्ट बरा. गवताळ कुरणांत वेळ घालवू नका. उकरलेली माती, कचऱ्याचे ढीग, शेताच्या कडा बघा. मात्र पान चुरगळण्याआधी खोड तपासा. त्यावर जांभळे ठिपके असतील तर हात लावू नका. तो हेमलॉक, सॉक्रेटिसला दिलेलं विष. एसेक्समध्ये रस्तोरस्ती उगवतो. खाण्यासाठी तर काहीच तोडू नका. जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठलंही रानरोप उपटणं 1981च्या कायद्याने गुन्हा आहे.

फोटो काढा आणि नोंद पाठवा. ब्रिटनच्या वनस्पती-नोंदींत एसेक्सचे दोन भाग आहेत, दक्षिण (भाग क्रमांक 18) आणि उत्तर (क्रमांक 19), आणि नोंदी स्वयंसेवक तपासतात. तारीख आणि नकाशावरचा ग्रिड क्रमांक हवाच. शेजारी दाणापात्र होतं, कंपोस्ट होतं की नांगरलेलं शेत, तेही लिहा. धणे तिथे कसे पोचले याचा अंदाज त्यावरूनच बांधता येतो.