चार रेषा आणि एक उडी : ‘पुएर नातुस’च्या सरावाची नोंद

नाताळच्या दिवसाच्या मिस्सेचे (कॅथलिक उपासनेचे) ‘पुएर नातुस एस्त नोबिस’ हे ग्रेगोरियन गायनातले, म्हणजे चर्चच्या जुन्या लॅटिन गायनातले, प्रवेशगीत चौकोनी लिपीतून (चार रेषांवरच्या चौकोनी स्वरचिन्हांतून) स्वतः वाचायचे, संगणकावर स्वतः लिहून काढायचे आणि शेवटी कुणाच्याही ध्वनिमुद्रणाचा आधार न घेता म्हणायचे, असे ठरवून आता चौदा आठवडे झाले. पहिली दोन कामे उरकली आहेत. तिसरे अर्ध्यावर अडले आहे, आणि ते नेमके कुठे अडले हे समव्यसनी मंडळींना सांगावे, म्हणून ही नोंद.

या गीताची ओळख म्हणजे त्याची पहिली उडी. ‘पुएर’ या पहिल्याच शब्दावर स्वर ‘सोल’वरून थेट ‘रे’वर जातो, म्हणजे आपल्या भाषेत षड्जावरून पंचमावर. गीत सातव्या मोडमधले (स्वरांच्या ठरलेल्या साच्यातले) आहे. या मोडचा विश्रांतिस्वर ‘सोल’ आणि पठणाचा स्वर त्याच्या वरचा ‘रे’. ‘सोल’ला षड्ज मानले की हाती येणारे सप्तक खमाज थाटाचेच. (सुरुवातीचे दोन आठवडे युरोपीय ‘रे’ आणि आपला ‘रे’ डोक्यात एकमेकांवर आदळत होते. अकराव्या शतकात अरेत्सोच्या ग्विदोने ही नावे योहान बाप्तिस्ताच्या एका स्तोत्रातल्या ओळींच्या आद्याक्षरांवरून घेतली. आपल्या ऋषभाशी त्यांचा काही संबंध नाही, एवढे एकदा मनाला बजावले की काम भागते.) या लिपीत स्वराची निरपेक्ष उंची ठरलेली नसते, त्यामुळे मी काळी एकचा तानपुरा लावून खुशाल बसतो. पंचमाची तार आधीच वाजत असल्याने ती उडी चुकत नाही. उलट, ती फारच आयती मिळते, आणि यातला तोटा पुढे सांगतो.

लेखनाचे काम ग्रेगोरिओ या मोफत संगणक-प्रणालीत केले. तिच्यात प्रत्येक स्थानाला एक रोमन अक्षर असते आणि ओळीच्या आरंभी ‘दो’ची खूण कोणत्या रेषेवर आहे ते लिहावे लागते. माझ्या छापील प्रतीत ती तिसऱ्या रेषेवर आहे. मी सवयीने चौथीवर टाकली. गंमत अशी की चूक लगेच लक्षात आलीच नाही, कारण ‘सोल–रे’च्या जागी आलेली ‘मी–सी’ ही उडीसुद्धा शुद्ध पंचमाचीच असते. पुढच्या शब्दांवर मात्र काहीतरी कोमल, कातर असे कानाला लागू लागले. ‘मी’ला षड्ज मानले की सप्तक भैरवीचे होते, म्हणजे एका रेषेच्या फरकाने मी खमाजची भैरवी करून ती दोन संध्याकाळी मनोभावे गात बसलो होतो. खूण एक रेष खाली आणल्यावर सगळे जागेवर आले. ओळीच्या शेवटी येणारा तो चिमुकला अर्धा स्वर, ‘कुस्तोस’, पुढची ओळ कुठून सुरू होते ते आधीच सांगून ठेवतो. प्रणाली तो आपोआप घालते, आणि तो पाहताना दर वेळी बरे वाटते.

आता अडचणीकडे. चौकोनी लिपी स्वर अचूक सांगते, काळ सांगत नाही. कोणता स्वर रेंगाळायचा आणि कोणता उडवायचा, हे त्या काळ्या चौकोनांवरून कळत नाही, आणि दीडशे वर्षांचा वाद याच जागी आहे. फ्रान्समधल्या सोलेम मठात 1833 साली मठजीवन पुन्हा सुरू झाले. तिथल्या भिक्षूंनी जुन्या हस्तलिखितांची तुलना करून चाली दुरुस्त केल्या आणि 1889 पासून हस्तलिखितांची छायाचित्रे छापायला घेतली. पोतिए आणि मोक्रो हे दोघेही तिथलेच भिक्षू, तरी व्हॅटिकनच्या अधिकृत आवृत्तीच्या वेळी त्यांचे पटले नाही. 1908 साली ती आवृत्ती, ‘ग्रादुआले’ (मिस्सेच्या गीतांचे पुस्तक), निघाली तेव्हा तिच्यात लयीच्या खुणा नव्हत्या. सोलेमने आपल्या आवृत्त्यांत टिंबे आणि आडव्या रेघा घालून त्या पुरवल्या. दोन-दोन, तीन-तीन स्वरांचे गट, मूळ मात्रा समान, टिंब असेल तिथे दुप्पट, अशी ही शिस्त. नवशिक्याला ती फार सोयीची आहे आणि मीही तिच्यावरच उभा राहिलो.

पण 1979 सालचे ‘ग्रादुआले त्रिप्लेक्स’ उघडले की ही सोय डळमळते. त्यात छापील चौकोनांच्या वर काळ्या शाईत फ्रान्समधल्या लाँ येथील हस्तलिखिताची चिन्हे आहेत आणि खाली लाल शाईत स्वित्झर्लंडमधल्या सांक्ट गालेन मठाच्या परंपरेची. ही चिन्हे दहाव्या-अकराव्या शतकांतली, रेषांच्या आधीची. ती स्वराची उंची जेमतेम सुचवतात, पण काळाबद्दल बरेच बोलतात: एखाद्या वळणावर छोटी आडवी रेघ म्हणजे रुंदावा, शेजारी ‘सी’ हे अक्षर म्हणजे त्वरेने, ‘टी’ म्हणजे धरून ठेवा. सोलेमचेच भिक्षू कार्दीन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात या चिन्हांचा अभ्यास मांडला, आणि त्यांचे म्हणणे असे की मात्रेचे माप सुट्या स्वराला नाही, शब्दाच्या अक्षराला लावावे. मला हे पटते. ‘मान्यी कोन्सीली-ई आन्जेलुस’ हे शेवटचे शब्द आधी नुसते बोलून पाहिले आणि मग गायले, तेव्हा स्वर आपोआप हलके झाले.

या नादात एक संध्याकाळ वायाही गेली. सांक्ट गालेनचे सुप्रसिद्ध कांतातोरिउम, हस्तिदंती कोरीव फलकांत बांधलेले ते उभट, अरुंद पुस्तक, संगणकावर पान न् पान पाहता येते. त्यात माझे गीत शोधत बसलो. ते पुस्तक एकट्या गायकासाठी आहे. प्रवेशगीत समूह म्हणत असल्यामुळे त्याचे नुसते पहिले शब्द तिथे टिपलेले असतात. पूर्ण गीतासाठी आइन्सीडेल्न या स्विस मठाचे 121 क्रमांकाचे हस्तलिखित उघडावे लागते, हे मला आधीच ठाऊक असायला हवे होते.

ध्वनिमुद्रणांबद्दल थोडे. 1904 साली रोममधल्या ग्रेगोरियन संमेलनात मुद्रित झालेल्या तबकड्या खरखरीतून ऐकाव्या लागतात, तरी एकाच संमेलनातल्या वेगवेगळ्या मार्गदर्शकांची चाल किती वेगळी होती ते त्यांतून कळते. गाजार यांच्या मार्गदर्शनाखाली सोलेमच्या भिक्षूंनी 1930 साली केलेल्या मुद्रणांतला ओघ माझ्या मते अजून कुणाला साधलेला नाही. लाटेसारखा चढतो, उतरतो, कुठे धक्का नाही. स्पेनमधल्या सिलोसच्या मठाच्या जुन्या मुद्रणांचा संच 1994 साली अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. त्याला ‘ताण घालवणारे संगीत’ म्हणून विकले याचा मला अजून राग येतो, पण गाणे प्रामाणिक आहे. योप्पिश यांनी जर्मनीतल्या म्युन्स्टरश्वार्त्साख मठाच्या भिक्षूंकडून गाऊन घेतलेली मुद्रणे मी सध्या रोज ऐकतो, कारण कार्दीन यांचा विचार तिथे शब्दाशब्दात ऐकू येतो. मार्सेल पेरेस यांचे प्राचीन रोमन गान, खाली सतत धरलेल्या स्वरासह, आपल्या कानाला पहिल्या क्षणी घरचे वाटते; म्हणूनच मी ते सध्या बाजूला ठेवले आहे.

कारण तानपुऱ्याचा तोटा तोच आहे. आधाराचा स्वर सतत वाजत असला की मी पंचमावर पोहोचून तिथे आलापासारखा थांबतो, त्या जागेचे सुख घेतो, आणि तेवढ्यात ‘नातुस’ हा शब्द मागे राहतो. मोबाइलवर केलेल्या मागच्या रविवारच्या मुद्रणात पहिले वाक्य मी आइन्सीडेल्नच्या खुणांप्रमाणे म्हटले आहे, तर ‘एत फीलिउस’पासून नकळत पुन्हा सोलेमच्या समान मात्रांवर घसरलो आहे, सांधा स्पष्ट ऐकू येतो. शिवाय ‘सूपेर’नंतर घेतलेला श्वास चोरटा नाही, चांगला दणदणीत आहे.

या आठवड्यापासून तानपुरा फक्त उडीपुरता लावतो आणि बंद करतो. कालच्या पहिल्या प्रयत्नात गीत संपले तेव्हा ‘सोल’ अर्ध्या स्वराने उतरला होता.