न्यू एकोटा ते ब्लाइद फेरी : चेरोकींच्या वाटेवर दोन दिवस

आई-बाबा अटलांटाला आले की त्यांना काय दाखवायचं, हा दर वेळचा प्रश्न. या खेपेला बाबाच म्हणाले, "चेरोकींना जिथून हाकललं, ती जागा इथून जवळ आहे ना?" चेरोकी म्हणजे अमेरिकेच्या या आग्नेय भागातले मूळ रहिवासी; 1838 मध्ये सरकारने त्यांना इथून उठवून पश्चिमेला धाडलं. बाबांनी उमेदीची बरीच वर्षं छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवण्यात काढली. त्यामुळे सुरुवात न्यू एकोटापासून करायची हे ठरलेलंच होतं.

अटलांटाहून आय-75 ने उत्तरेला साधारण सव्वा तासावर कॅलहून गाव लागतं, त्याला लागूनच ही 1825 ची चेरोकी राजधानी. पुन्हा बांधलेलं न्यायालय, छापखाना, आणि मिशनरी वूस्टरचं मूळचं घर. बाकी बरंचसं मोकळं गवत. सेक्वोया नावाच्या चेरोकीने आपल्या भाषेसाठी लिपी घडवली, तीही आपल्यासारखी अक्षरांची : 'का'ला एक चिन्ह, 'की'ला दुसरं. फक्त बाराखडीसारखं एकावरून दुसरं ओळखता येत नाही. त्या लिपीत आणि इंग्रजीत 'चेरोकी फीनिक्स' इथे 21 फेब्रुवारी 1828 ला निघालं. आपलं 'दर्पण' 1832 चं, तेही दोन भाषांत. बाबा छापखान्यातून हलेनात. 1835 मध्ये जॉर्जियाच्या शिपायांनी इथलं यंत्र जप्त केलं. 1954 च्या उत्खननात शिशाचे खिळे मातीत सापडले.

राज्यघटना, न्यायालय, वर्तमानपत्र असलेलं हे राष्ट्र होतं. म्हणून सांगते, बाकी काही जमलं नाही तरी न्यू एकोटा चुकवू नका आणि इथूनच सुरुवात करा. नाहीतर पुढचं सगळं नुसतं हळहळण्यापुरतं उरतं.

डहलोनेगा परिसरात सोनं सापडलं, जॉर्जियाने चेरोकींची जमीन लॉटरीने वाटली. 1830 चा हद्दपारीचा कायदा अध्यक्ष जॅक्सनच्या सहीचा. 29 डिसेंबर 1835 ला 'फीनिक्स'चा पहिला संपादक इलायस बूडिनॉट याच्या घरात मूठभर चेरोकींनी जमीन सोडून पश्चिमेला जाण्याच्या करारावर सह्या केल्या. चेरोकींचे प्रमुख जॉन रॉस यांचा ठाम विरोध होता, विरोधाच्या अर्जावर 15,000 हून जास्त नावं होती. तरीही सिनेटने करार एका मताच्या फरकाने मंजूर केला. बूडिनॉटच्या घराच्या जागेवर आज घर नाही. तिथे जरा वेळ उभे राहा.

दुपारी रेड क्ले, टेनेसीच्या हद्दीत जेमतेम पाऊल टाकल्यावर. जॉर्जियाने सभा घ्यायला बंदी केली, म्हणून चेरोकी परिषद 1832 पासून इथे भरू लागली. निळ्या-हिरव्या पाण्याचा खोल झरा, झाडांची सावली, आणि 1984 मध्ये पूर्वेत राहिलेल्या आणि पश्चिमेला गेलेल्या चेरोकींचे वंशज इथे पुन्हा एकत्र आले तेव्हा पेटवलेली ज्योत. प्रवेश मोफत आहे. जवळपास खायला काही नाही, म्हणून थेपले आणि पाणी सोबत ठेवा. उन्हाळ्यात गवतात गोचीड असतात. पायमोजे वर ओढा, परतल्यावर मुलांचे पाय तपासा.

मुक्काम चॅटनूगाला. नदीकाठची रॉसेस लँडिंग संध्याकाळी पाहा. जून 1838 मध्ये हाकललेल्या चेरोकींच्या पहिल्या तुकड्या इथूनच बोटींनी नेल्या. आधी सैनिकांनी घराघरांतून माणसं उठवून कुंपणात डांबली होती. सुमारे 16,000 लोक, त्यांतले चार हजारांच्या आसपास दगावले असं मानलं जातं. चेरोकींनी गुलाम म्हणून बाळगलेली काळी माणसंही याच वाटेवर चालली. हेही मुलांना सांगा, आणि 'रेड इंडियन' हा शाळेतला शब्द त्यांच्या तोंडी येऊ देऊ नका.

दुसऱ्या दिवशी बर्चवूडजवळचं ब्लाइद फेरी, चॅटनूगाहून तासाभरावर. नकाशा आधीच उतरवून घ्या, फोनवर विसंबू नका. लहान ठिकाणं रोज उघडी नसतात, वार तपासून निघा. हिवाळ्यात आलात तर शेजारच्या हायवासी अभयारण्यात हजारो क्रौंच दिसतात. दुर्बीण हवी.

इथून तुकड्यांमागून तुकड्या टेनेसी नदी ओलांडून गेल्या. दगडी भिंतीवर 1835 च्या जनगणनेतल्या कुटुंबप्रमुखांची नावं कोरली आहेत. बाबा चष्मा लावून एकेक नाव मोठ्याने वाचत गेले, अडलं तर पुन्हा पहिल्यापासून. आईने मला गाडीकडे परत जाऊ दिलं नाही. आम्हाला तिथे दीड तास लागला. तुम्ही दोन ठेवा.