ओला, ओला!

माद्रिदची तिकिटं निघाली त्याच रात्री मी फोनवर स्पॅनिश शिकवणारं ॲप घेतलं. दीड महिना हाताशी होता. एवढ्यात सहज जमेल, असं वाटलं.

पहिलाच शब्द 'ओला', म्हणजे नमस्कार. आठवडाभर मी दारातून 'ओला!' म्हणत आत यायची आणि नवरा दचकून फरशीकडे बघायचा. लिहिताना त्याच्या आधी 'एच' असतो, पण तो उच्चारायचा नाही. हॉटेलचं 'ओतेल' होतं ते त्यामुळेच. त आणि द मात्र आपल्यासारखेच, दातांना जीभ लावून.

खरी गंमत आली 'मे गुस्ता'ला. इंग्रजीत कॉफी आवडवून घेणारी मी कर्ता असते. स्पॅनिशमध्ये सरळ 'मला कॉफी आवडते'. 'मे' म्हणजे मला, आणि कर्ता कॉफी! ॲप हे समजावून सांगत बसलं होतं, मी कधीच पुढे गेले होते. आपण 'मारियाला बघते' म्हणतो, पण 'घर बघते'. तिथेही 'बेओ आ मारिया', पण 'बेओ ला कासा'. तो इवलासा 'आ' माणसालाच लागतो, घराला नाही. आदराने बोलायचं तर 'उस्तेद', आणि सलगीतला 'तू' चक्क तूच.

मग 'असणे' आलं आणि तोरा उतरला. त्याला दोन क्रियापदं, 'सेर' आणि 'एस्तार'. 'एस आबुर्रीदो' म्हटलं तर माणूस कंटाळवाणा, 'एस्ता आबुर्रीदो' म्हटलं तर नुसता कंटाळलेला. नवऱ्यावर वाक्य करताना मी पहिलं वापरलं. चुकून. (हो, चुकूनच.)

परवा रंगीत तालीम केली. 'दोंदे एस्ता एल बान्यो?' बाथरूम कुठे आहे, हे मी झोकात विचारलं. फोनमधल्या बाईंनी एका दमात काहीतरी सांगून टाकलं. त्यात 'देरेचा' होतं की 'देरेचो'? एक म्हणजे उजवीकडे, दुसरं म्हणजे सरळ. प्रश्न पाठ करता येतो हो, उत्तर कुठून पाठ करणार? 'मास देस्पासियो', जरा हळू, आणि 'काये', म्हणजे रस्ता, एवढं मात्र आता झोपेतही येतं.

"अरे, ऐक ना," मी नवऱ्याला हाक मारली.

"काये?" तो वर न बघताच म्हणाला.

"रस्ता," माझ्या तोंडून निघून गेलं.