उतारा झाकून सोडवलेली परीक्षा

सातवीच्या सराव परीक्षेची मराठीची प्रश्नपत्रिका नजरेखालून घालायला माझ्याकडे आली. संविधान तक्ता, म्हणजे कोणत्या घटकाला किती प्रश्न नि किती गुण याची आखणी, चोख; गुणांची बेरीज बरोबर. अपठित उतारा आग्र्याहून सुटकेचा आणि खाली दहा बहुपर्यायी प्रश्न. पेपर काढणारे सर जुने, जाणते. ओळखीचा विषय दिला की मुलं बावरत नाहीत, हे त्यांचं म्हणणं. मला खटकलं ते नेमकं तेच. १६६६ सालचे ते मिठाईचे पेटारे आपल्याकडच्या पोरांना चौथीतच पाठ झालेले असतात. मग ती वाचणार काय?

वाद घालण्यापेक्षा पाहून घ्यावं म्हणून उतारा झाकला, नुसत्या प्रश्नांच्या झेरॉक्स काढल्या आणि शेजारच्या शाळेतल्या सातवीला वाटल्या. “मॅडम, उतारा राहिला!” एकच गलका. म्हटलं, राहू दे, तसंच सोडवा. चार पर्याय असले की डोळे मिटून खुणा केल्या तरी दहात सरासरी अडीच गुण पडतात. इथे बहुतेकांना सात-आठ पडले!

इतिहासामुळे पाच-सहा पडले असते तर मला नवल वाटलं नसतं. पण एक प्रश्न सरांनी स्वतः रचलेल्या पहारेकऱ्याबद्दल होता, त्याचं उत्तर उताऱ्याबाहेर कुठेच नव्हतं. तोही बरोबर. एकाला विचारलं, कसं रे जमलं? “सगळ्यात लांब पर्याय घ्यायचा, मॅडम. बरोबर उत्तर सर नीट लिहितात, बाकीची उरकतात.” दुसऱ्या एका वाक्याच्या शेवटी ‘होती’ होतं आणि चार पर्यायांत स्त्रीलिंगी एकच. भाषेची जाण लागलीच म्हणायची, पण आकलनाची नव्हे.

बी.एड.ला सप्रमाणतेची व्याख्या आम्ही सगळ्यांनीच घोकलेली: जे मोजायचं तेच मोजलं गेलं पाहिजे. हा पेपर विश्वसनीय असेलही, पुन्हा घेतला तरी तेच गुण पडतील. फक्त ते गुण वाचनाचे नसतील.

मग मी फळ्यावर टँकरच्या वेळापत्रकाची सूचना लिहिली. वरच्या आळीला कोणते वार, खालच्या आळीला कोणते, सुट्टी आली तर काय. प्रश्न असे, की दोन वाक्यं जोडल्याशिवाय उत्तर निघू नये. सूचना लिहिण्याआधी हेही प्रश्न कोरेच सोडवून घेतले. दोन-तीन गुण, म्हणजे अंदाजाइतकेच. सूचना वाचल्यावर गुण दोनपासून नऊपर्यंत पसरले. आग्र्याच्या उताऱ्यात तीन मिळालेली एक मुलगी इथे आठवर गेली. आईवडील ऊसतोडीला जातात; दिवाळीनंतर तीही फडावर, शाळा अर्धीच. तिचं चौथीचं इतिहासाचं पुस्तक बहुधा बंदच राहिलं असावं. वाचता मात्र तिला उत्तम येत होतं.

मी खुशीत सरांना हे सांगितलं, तर ते शांतपणे म्हणाले, “टँकरच्या गावची पोरगी आहे ती, मॅडम. तिला ते वेळापत्रक परकं नाही.” बिनतोड मुद्दा. सूचना न वाचता तिलाही दोनच गुण होते, त्यामुळे उत्तरं वाचूनच आली हे नक्की. पण ओळखीच्या विषयावर वाचन सोपं जातं हेही खरंच. सर्वांना सारखाच परका असा उतारा मिळणं कठीण. म्हणून एका लांब उताऱ्याऐवजी वेगवेगळ्या विषयांवरचे तीन छोटे घ्यायचे ठरलं.

कुणीतरी दर सातवा शब्द गाळून रिकाम्या जागा द्याव्यात असं सुचवलं. विल्सन टेलरने १९५३ साली मांडलेली क्लोझ पद्धत हीच. मराठीत ‘घरासमोरच्या’सारखा एक शब्द गाळला की नाम, विभक्ती, शब्दयोगी सगळंच एका फटक्यात जातं आणि चांगला वाचणाराही अडतो. ती कल्पना बाजूला ठेवली.

नव्या प्रश्नांचं भेदनमूल्य काढायचं, म्हणजे वरच्या २७ टक्के आणि खालच्या २७ टक्के मुलांच्या बरोबर उत्तरांतला फरक पाहायचा, हे काम सरांनी आपणहून घेतलं. मुख्याध्यापकांची चिंता वेगळीच होती: सरासरी खाली आली तर पालकसभेत काय सांगायचं? सर म्हणाले, “मी बोलतो.”